दुसऱ्या तोंडाची साक्ष

मंगळवार, ता. १२, दुपारी

ठकूस,

आजीचा डोक्यावरून हात. मी बरी आहे, गुडघे आपल्या मर्जीने चालतात. तू वेळेवर जेवतेस असं धरून पुढे लिहिते.

आधी आली ती शिंपीण. ती दार वाजवत नाही, बोलत बोलतच आत असते. म्हणाली, "काकू, केस विंचरा, मोठी माणसं बोळात तुमचं घर विचारतायत." मी म्हटलं, "मला कशाला विचारतील? मी काय निवडणुकीला उभी आहे?" तोवर ते दोघं दारात. एक चष्मेवाले, तुझ्या बाबाच्या वयाचे, आणि एक मुलगी, काखेत लांबट खोका. पाय पुसून आत आले. तुझ्या बाबाला ते अजून जमलेलं नाही.

तू कारखान्यात मेलेल्यांची खरी यादी बाहेर काढलीस आणि घर सोडलंस, त्याला चार महिने झाले. बोळाच्या तोंडाशी मालकाची माणसं बसायची ती पंधरा दिवसांपूर्वी उठली. मला वाटलं, कंटाळली. म्हणून या दोघांना बघून मी घाबरले नाही.

चष्मेवाले म्हणाले, "आजी, आम्ही शब्दकोश करतोय. कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या बायकांची बोली तुम्हालाच येते असं कळलं."

ऐकून मला काय झालं ते तुलाच कळेल. आपल्या घरात शब्दकोशाचा उपयोग काय, तर वाऱ्याने दार आपटू नये. अर्ज लिहिताना बाबा अडला की तो पुस्तक उचलायचा आणि दार त्याच्याच पाठीत बसायचं. तू सात वर्षांची असताना त्यात माझे शब्द शोधत बसली होतीस. सगळी पानं उलटलीस आणि रडवेली होऊन म्हणालीस, "आजी, तू यात नाहीसच." तेव्हा मी हसले, पण लागलं होतं मला. दोन इयत्ता शिकलेल्या बाईचं बोलणं कोण छापणार? तुझी आई तर पाहुणे आले की अजून म्हणते, "आई, तुम्ही नुसतं हसा." आणि आता शब्दकोशवाले स्वतः माझ्या खाटेवर बसून, चहाला फुंकर घालत, माझ्या तोंडाकडे बघत होते.

मग काय, मी सुटलेच. वाफेच्या खोलीत आम्ही सहाजणी, मुकादमाला कळू नये म्हणून आम्ही बोली केली, ते सगळं सांगितलं. भुंड्या म्हणजे मुकादम. टिटवं म्हणजे ज्याला शोधतायत ते माणूस. डुंबरी म्हणजे बॉयलरमागची सांदी, तिथे टिटव्याला लपवायचं. इस्त्रीवाली पोटुशी होती, कळलं असतं तर कामावरून काढली असती. सातव्या महिन्यापर्यंत तिला आम्ही डुंबरीत निजवायचो आणि तिच्या वाटणीची इस्त्री करायचो. भुंड्याला शेवटपर्यंत वाटत होतं ती जाडी झालीय. चष्मेवाले इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. मुलगी हसली नाही. कामाची मुलगी.

शिस्त मात्र बघण्यासारखी. एका शब्दाला एक चिठ्ठी. शब्दाखाली अर्थ, अर्थाखाली वाक्य. "वाक्याशिवाय शब्द आम्ही कोशात घेत नाही," चष्मेवाले म्हणाले. "हल्लीचं द्या, आजी. रोजच्या वापरातलं." मी दिलं. शिंपीण म्हणाली, "माझाही एखादा घ्या की, मी काय मुकी आहे?" तिला त्यांनी गोड बोलून वाटेला लावलं.

ते गेले आणि मी कप धुवायला बसले. तेव्हा ध्यानात आलं. डुंबरी हा शब्द मी काढलाच नव्हता, ठकू. तो चिठ्ठीवर आधीच लिहिलेला होता. टिटवंही. मुलीने वाचून दाखवला आणि मी खुळी, किती अभ्यास केलाय बिचारीने म्हणून अर्थ सांगून मोकळी झाले. आम्हा सहाजणींतल्या चौघी गेल्या. उरलो मी आणि माझी बहीण. आणि तू, माझ्या मांडीवर बसून शिकलेली. तुझं मागचं पत्र आलं तेव्हा पाकिटाला डिंक जास्त होता. मी म्हटलं, पोरीचा हात सैल. तो डिंक तुझ्या हातचा नव्हताच.

वाक्य कुठलं दिलं तेही सांगून टाकते. "टिटवं डुंबरीत सुखरूप आहे, दोन्ही वेळा जेवतं." तुझ्याच पत्रातलं. रोज वाचते ना, तेच तोंडावर होतं.

इथवर कुणीही चुकलं असतं. पुढचं फक्त माझं. चष्मेवाले म्हणाले, "शब्द खरा ठरायला दुसऱ्या तोंडाची साक्ष लागते. ही बोली बोलणारं आणखी कोणी आहे का?" मी म्हटलं, आहे की, माझी धाकटी बहीण. जिच्या माळ्यावर तू आहेस, तीच. मी नुसता पत्ता दिला नाही, वाट दाखवली. पाण्याची टाकी, मग लोहाराचं दुकान, पुढचं दार उघडत नाही, मागून जा. मुलीने ते चिठ्ठीवर नाही लिहिलं. त्यासाठी तिने पिशवीतून वेगळी वही काढली.

शिंपिणीचा भाऊ बसवर कंडक्टर आहे. संध्याकाळच्या फेरीत तो हे पत्र मावशीआजीच्या हातात देईल. वाचलंस की नीघ. रागावलीस तर रागाव, पण चालता चालता रागाव. कुठे जातेस ते मला कळवू नकोस, माझ्या पोटात काही राहत नाही हे आता सिद्ध झालंय. आपल्या बोलीत कुणाला एक अक्षर लिहू नकोस. मावशीआजीला म्हणावं, कोणी काही विचारलं तर तुला काही आठवत नाही. म्हातारपणाचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.

आणि तरी खरं सांगू? मुलीने चिठ्ठीच्या कोपऱ्यात माझं नाव लिहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं. अजून वाटतंय. त्याची लाज वाटते म्हणून लिहिलं.

दारातून निघताना चष्मेवाले म्हणाले, "पुन्हा येऊ, आजी, छापलेलं पान दाखवायला. येताना नातीलाही घेऊन येतो." मी तुझा विषयसुद्धा काढला नव्हता.

तुझ्या वाटेवर डोळे न लावणारी,
आजी

ते उद्या सकाळी मावशीआजीकडे जाणार आहेत. माझ्याकडे शुक्रवारी, म्हणाले.