उपासनेला मी एकटा

रविवार, ८ जानेवारी १९८४

घंटा दिली. उपासनेला मी एकटा.

गीत म्हटलं. तिसऱ्या कडव्याला आवाज फाटतो, हल्ली नेहमीच फाटतो. बायबलातलं वचन वाचलं. उपदेश कुणाला करणार? पण केला! बाकांना केला. माझी बायको मार्था असती तर म्हणाली असती, "बाकं तरी डुलक्या घेत नाहीत." शेवटी गावाची प्रार्थना – वरच्या वाडीपासून खालच्या वाडीपर्यंत, घराघरातल्या माणसांची नावं घेऊन. ही तिची पद्धत. नर्स होती; गावातली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मली. ती गेल्यापासून नावं मी घेतो. मोठ्याने घेतो, नाहीतर मध्येच कुणीतरी गळतं.

मागच्या पायरीवर आजही विडीची थोटकं! दर रविवारी हेच! कोण हा मेला, देवाच्या घराला पाठ टेकून विड्या फुंकतो? झाडून काढली. सापडू दे एकदा, चांगला फैलावर घेतो.

१७ जानेवारी

पुण्याहून मिशनच्या कमिटीचं पत्र. जिथे ख्रिस्ती मंडळी उरली नाही ती देवळं बंद करून जागा भाड्याने द्यायच्या म्हणे. पुढच्या महिन्यात सेक्रेटरीसाहेब स्वतः बघायला येणार. माणसं असतील तर देऊळ राहील. नसतील तर मी ही देवळाची खोली सोडायची. कळवून टाकलं – मंडळीत कुणी उरलेलं नाही, तरी एकदा येऊन बघावं.

नाहीच कुणी उरलेलं. दोन घरं मुंबईला गेली, शेवटचं होतं ते अलोऱ्याला कॉलनीत. मार्था मागे दगडी गडग्याच्या आत, कबरीत निजलेली. बाकी मी – शाळा होती तेव्हा मास्तर, आता उपदेशक, झाडूवाला, घंटेवाला.

भाची विमला म्हणते, पुण्याला या. "मामा, तिथे कोण आहे तुमचं?" मागे गडग्याशी जाऊन बसलो होतो बराच वेळ.

२ फेब्रुवारी

दूध घालणाऱ्या गोदाला पत्राचं सांगितलं, आणि तिने ते वाडीभर केलं. दुपारी आत्माराम गावकर आला. गावाचा मानकरी. देवीपुढे गावासाठी गाऱ्हाणं घालतो तो हाच – हा एकेक मागणं मागतो आणि सगळा गाव मागून "होय म्हाराजा" म्हणतो.

"मास्तर, सायब माणसा मोजनार ना? मग आमी येतांव, बसतांव बाकड्यांवर. काय बिगाडताय?"

म्हटलं, नको. खोटं होईल ते.

"खोटा कसा? माणसा तर खरी हायत!"

हसू आलं. पण नाही म्हणजे नाही म्हटलं. मोह झाला नाही असं कसं लिहू? एकदा, एकदाच हे बाक भरलेले दिसावेत! पण जन्मभर लोकांना खरं बोला म्हणून सांगितलं, आता देवाचं घर वाचवायला देवाच्याच घरात लबाडी करू?

"तुमचा देव लय कडक हाय बुवा," म्हणत उठला. त्याचा मुलगा हरिश्चंद्र जहाजावर गेलाय, पावसाळ्यापासून काही कळलेलं नाही.

रविवार, १९ फेब्रुवारी

साहेब पहिल्या एस.टी.ने आले. घंटा दिली, वळून बघतो तर – वाट माणसांनी भरलेली! धुवट टोप्या, कडक शर्ट, गोदा ठेवणीतलं लुगडं नेसून. चपलांचा ढीग दाराबाहेर. वाडीतल्या सखूआजीने प्रार्थनेच्या टेबलावर नारळ ठेवला आणि हात जोडले. आत्माराम पहिल्या बाकावर, ताठ. साहेब खूश. "शिमोनराव, तुम्ही तर कुणी नाही असं कळवलंत!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मनात म्हटलं, उपासना तर होऊ दे, मग सांगू.

प्रार्थनेला उभा राहिलो. "हे प्रभू, या गावाला सांभाळ –" आणि मागून एका दमात, "होय म्हाराजा!" कौलं हलली! "आजाऱ्यांना बरं कर –" होय म्हाराजा! मला थांबता येईना, त्यांनाही येईना. खरं लिहितो, अंगावर काटा आला. इतक्या आवाजात माझ्या प्रार्थनेला कुणी हो म्हटलंय, असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

साहेबांनी डोळे उघडले. "हे काय? भाड्याने आणलीत की काय माणसं?"

"नाही साहेब. हे माझे शेजारी. मंडळीत मी एकटाच."

खरं तेच बोललो. साहेब चहासुद्धा न घेता गेले. आणि मग माझा तोल सुटला. सगळ्यांदेखत आत्मारामवर ओरडलो – "कुणी बोलावलं होतं तुम्हाला? माझ्या देवाची थट्टा करायला आलात?"

तो बाकावरून उठला. सखूआजीने आपला नारळ उचलून पदराखाली घेतला. एकेक जण चपला शोधून वाटेला लागला.

रविवार, २६ फेब्रुवारी

उपासनेला मी एकटा. आज थोटकं नव्हती. चला, तेवढी तरी पीडा टळली.

९ मार्च

हुकूम आला. ईस्टरनंतरच्या आठवड्यात किल्ली द्यायची. मंडळी नाही असं साहेबांनी लिहिलंय, ते खरंच. वर लिहिलंय की मी फसवायला गेलो. वा! खोटं नको म्हणून गाव तोडलं, आणि लबाड म्हणून नाव लागलं.

गोदा दूध फाटकावर ठेवून जाते. हाक मारत नाही.

१९ मार्च

शिमगा. पालखी घरोघरी फिरली. माझ्या अंगणात ती येत नाही, हे आधीपासून ठरलेलं; मी नारळ ठेवत नाही, त्यांनीही कधी आग्रह केला नाही. पण फाटकासमोर थांबायची. भोई घामाघूम असत, मार्था त्यांना गूळपाणी द्यायची. तिच्यामागे मी देतो. देवी त्यांची असेल, तहान तर सगळ्यांची सारखीच ना?

आजही हंडा भरून ठेवला होता, पेले घासून ठेवले होते. ढोल जवळ आले. पुढे आत्माराम. मी पेला हातात घेऊन उभा. पालखी थांबली नाही. त्याने इकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं आणि तिथेच बसून रडलो. मार्था गेली तेव्हा सगळं गाव अंगणात जमलं होतं, तेव्हा इतकं एकटं वाटलं नव्हतं. प्रभू, तुझी चाकरी इमानाने करायची म्हणजे माणसांतून उठायचं का? सांग तरी!

४ एप्रिल

वरच्या वाडीत आत्मारामकडे गेलो. चूक माझी, पाय त्याने का झिजवावेत? त्याची बायको येसूबाई दारात आली. "ते नायत, बागेत गेलेत." त्याच्या वहाणा पडवीत दिसत होत्या. म्हटलं, "आले की सांगा, मास्तर चुकला. रागाने बोलला."

निघालो तेव्हा तिने आपणहून सांगितलं, "हरिश्चंद्राचा आजून काय कळला नाय."

१५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

एकटा. माडाची एक झावळी तोडून टेबलावर ठेवली. ट्रंक भरायला काढली. मार्थाला काय सांगायचं ते सुचत नाही.

रविवार, २२ एप्रिल, ईस्टर

शेवटची घंटा दिली. प्रार्थनेत वरच्या वाडीची नावं घेताना आत्मारामचं घर आलं. "हरिश्चंद्राला, तो असेल तिथे सुखरूप ठेव," म्हटलं – आणि मागच्या भिंतीपलीकडून, हळू, "होय म्हाराजा."

मागचं दार उघडलं. पायरीवर आत्माराम, हातात विडी.

"दर आयतवारी हितंच बसतंय मी," म्हणाला. "मदी राग आला हुता, म्हनून नाय आलो. सगल्या गावाचा गाऱ्हाना मी घालतंय, मास्तर. माज्या पोराचा कोन घालनार? तुमी घालताव." मग घाईघाईने, "मी ख्रिस्ताव नाय व्हनार हां!"

म्हटलं, "नका होऊ गावकर. सरका थोडे."

त्याच्याशेजारी बसलो. साहेबांना मी सांगितलं ते खरं नव्हतं. उपासनेला दोघं.