चार नंबरची जर्सी

हामाजिरी, आकिता
ता. ११ फेब्रुवारी १९९२

चि. शुहेई यास,
फुमिएताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, खुशाली कळली. खुशाली म्हणजे काय, तर तू अजून जिवंत आहेस आणि अजून पाकिटातल्या नूडल्सवर जगतो आहेस, एवढंच. इकडे बर्फ खिडकीच्या वर गेलं. सकाळी दुकानापुढची वाट हे आणि मी आळीपाळीनं उपसतो. टोफू मात्र हातोहात खपतो, या थंडीत गरम रश्श्यात सगळ्यांना तोच लागतो.

तू बाबांची चौकशी केली नाहीस, तरी मी सांगणार. त्यांनी तुझ्या ‘खारा वारा’ या चित्रमालिकेचं नाव घरात एकदाही काढलेलं नाही. पण दर मंगळवारी स्टेशनावरच्या टपरीवर वर्तमानपत्र आणायला म्हणून जातात, आणि वर्तमानपत्राच्या पोटात तुझं ते जाडजूड साप्ताहिक घालून आणतात. मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं. परवा कोतात्सूवरची, त्या शेगडीच्या मेजावरची, दुलई झटकली तर आतून अंक पडला. तुझ्या पानांवर लाल पेन्सिलीच्या खुणा आणि शेरे! याचा डावा पाय मागे हवा. बचाव करणारा झोपला आहे काय. उभा जन्म शाळेच्या पोरांना बास्केटबॉल शिकवण्यात घालवलेला माणूस, खोड जाणार कुठं?

तुझ्या कप्तानाला मीही ओळखलं रे. नाव सेगावा ठेवलंस म्हणून काय झालं! ती कपाळावरची बट, फ्री थ्रोच्या आधी बाहीला नाक पुसायची सवय. तुझा दादा, आपला तामोत्सूच तो. पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी मागच्या खोलीत जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पुन्हा गल्ल्यावर बसले. आई असती तर तिलाही दाखवला असता. तुझ्या गोष्टीत आता जुलै लागला. आपला तामोत्सू जूनच्या पुढं कधी गेलाच नाही, म्हणून दर आठवड्याला तो थोडा मोठा झालेला पाहून मला फार बरं वाटतं.

अंकात ते मत द्यायचं कार्ड असतं ना, कुठली मालिका आवडली ते लिहायचं? टपरीवाल्यानं न खपलेल्या अंकांतली कार्डं काढून दिली. मी दुकानात येईल त्याच्या नावानं भरली आणि धाडली. तुझं काम झालंच समज.

यांचा नमस्कार. लोभ कर, आणि अधूनमधून भाजीही खा.
तुझी,
फुमिएताई

———

तोक्यो
ता. २ मार्च १९९२

ती. फुमिएताईस,
शुहेईचा सा. न. वि. वि.

तुझी कार्डं पोचली. माझे संपादक माकाबे-सान यांनी ती माझ्यापुढं टेबलावर पसरली. सगळ्यांवर एकाच टपाल कचेरीचा शिक्का, एकच निळी शाई, एकच अक्षर, आणि वाक्यही एकच: कप्तान सेगावा हा फार सालस मुलगा आहे. खाली वय, सतरा. सतरा वर्षांचं कुठलं पोर ‘सालस’ म्हणतं ग ताई? हात दाखवून अवलक्षण! माकाबे-सान पोट धरून हसले आणि कार्डं बाजूला काढली. ती काढल्यावर जे उरलं ते पाहून मात्र दोघंही हसलो नाही. ‘खारा वारा’ तळाला गेली आहे. तळाला गेलेली मालिका बंद होते, ही इथली रीतच आहे.

माकाबे-सान मनानं चांगले आहेत. त्यांनी एक वाट सुचवली आहे. राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर सेगावाला मारावं. अपघातात. वाचक रडतील, कार्डांचा ढीग पडेल, मग उरलेला संघ त्याच्यासाठी जिवाच्या आकांतानं खेळेल आणि मालिका आणखी दोन वर्षं सहज चालेल. त्यांना आपल्या घरातलं काही ठाऊक नाही. मी कधी बोललो नाही.

मी तिथल्या तिथं नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. ताई, ही मालिका गेली तर मला दुसरी कोण देणार? पुन्हा दुसऱ्याच्या चित्रांत खिडक्या आणि विजेचे खांब भरत बसायचं. आणि खरं सांगू का, ते पान मला काढायचंही आहे. दादा सायकलवरून घरी येताना मासळीबाजाराच्या ट्रकखाली गेला, आणि त्याच आठवड्यात बाबांनी संघ मैदानात उतरवला. चार नंबर कप्तानाचा हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. पण दादाची राख अजून घरात होती ग! मी आईशेजारी प्रेक्षकांत बसलो होतो. दारातून पोरं पळत आली आणि सगळ्यात पुढं चार नंबर. क्षणभर मी उठून उभाच राहिलो. तो संघातला ओगाता होता, दादाची जर्सी घातलेला. त्या दिवसापासून मी बाबांशी धड बोललो नाही, हे तू जाणतेसच. ते एकदा कागदावर उतरलं तर माझ्या डोक्यातून जाईल असं वाटतं.

तू नको म्हणालीस तर नाही करणार. बाबांना मात्र यातलं काही कळू देऊ नकोस.

भावजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.
तुझा,
शुहेई

———

हामाजिरी
ता. ९ मार्च १९९२

चि. शुहेई,
आशीर्वाद.

नको. तामोत्सू गेला तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. तू विचारलंस म्हणून सांगते, मला तो पुन्हा मेलेला बघायचा नाही. तुझ्या पोटाचा प्रश्न आहे हे मला समजतं. इथं दुकानात दोन हात कमीच पडतात, टोफू कापायला ये. चेष्टा करत नाही.

बाबांना कळू देऊ नकोस म्हणालास. मी तुझं पत्र उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. राग आला तर खुशाल येऊ दे. इतकी वर्षं तुम्हा बापलेकांच्या मधून मी निरोप वाहते आहे. तू आडून विचारतोस ताई ते बरे आहेत का, ते विचारतात त्याला थंडी सोसते का, आणि दोघांना वाटतं मला काही कळत नाही. आता माझ्यानं होत नाही रे. थकले मी.

बाबांनी चष्मा लावून ते वाचलं, घडी घातली आणि बर्फ उपसायला गेले. उपसलेल्या जागीच पुन्हा उपसत होते. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, की घरात पत्राचा कागद असतो का, आणि तोक्योचा पत्ता कुठल्या बाजूला लिहितात. मी दोन्ही दिलं. पाकीट सोबत आहे. मी वाचलेलं नाही.

लोभ आहे, म्हणूनच एवढं बोलले.
फुमिएताई

———

(सोबतचे)

चि. शुहेई यास आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही. फळ्यावर सूचना लिहायची सवय. ही तशीच समजावी.

फुमिएनं तुझं पत्र वाचायला दिलं. ओगाताला जर्सी मी दिली. त्याबद्दल तू मला कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं चांगलं कारण असतं तर सांगितलं असतं. पोरं माझ्यापुढं उभी होती. एकही चेंडूला हात लावत नव्हता. त्यांना कुणीतरी आत घेऊन जायला हवं होतं, आणि आत पुढं कोण जातो, तर चार नंबर. मला दुसरं सुचलं नाही. बरोबर केलं का, ते आजही ठाऊक नाही. सामना आपण हरलो. ओगाता जर्सी धुऊन परत द्यायला घरी आला, तेव्हा दार उघडायला तुझी आई गेली. मी गेलो नाही.

गोष्ट तुझी आहे. कप्तानाला मारू नकोस असं मी म्हणणार नाही. एकच विचारतो. मारणं सोपं, ते ट्रकवाल्यालाही जमलं. पण पुढच्या अंकात तुला संघ मैदानात उतरवावा लागेल. चार नंबर कुणाला देणार? की कुणालाच नाही? ते आधी ठरव आणि मला कळव. हे टोचून बोलणं नव्हे. तुला माझ्यापेक्षा बरं काही सुचलं, तर मला ते खरंच समजून घ्यायचं आहे.

गेल्या अंकात चेंडू टाकणाऱ्याचा कोपर फार बाहेर आहे. अशानं चेंडू उजवीकडं जातो. सर्दी सांभाळ.

बाबा

———

तोक्यो
ता. २९ मार्च १९९२

ती. बाबांस,
शुहेईचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुमचा प्रश्न सोडवत बसलो होतो.

आधी चार नंबर कुणालाच दिला नाही. पाच नंबरपासून पोरं आत आणली. तर प्रत्येकाचे डोळे आपोआप त्या मोकळ्या जागेकडं वळू लागले. पानामागून पान काढलं, पण चेंडू कुणी हातात धरीना. तुम्ही लिहिलंत ना, कुणी हात लावत नव्हता, अगदी तस्संच. मग जर्सीची घडी करून बाकावर ठेवली. चित्र देखणं झालं. माकाबे-सान म्हणाले, की हे रंगीत छापू. पण मला ते बघवेना. पोरं खेळायला नव्हे, मातीला आल्यासारखी दिसत होती. त्यांचीही ती शेवटची स्पर्धा होती, हे त्या चित्रात कुठंच नव्हतं.

शेवटी जर्सी उपकप्तानाला घातली. पाठ काढली, आकडा काढला, आणि चेहऱ्याशी अडलो. बाबा, त्या दिवशी मी ओगाताचा चेहरा पाहिलाच नव्हता. चारचा आकडा पाहिला आणि मान फिरवली. आता काढायला बसल्यावर ध्यानात आलं, की तोही सतराच वर्षांचा होता, दादाचा जिवलग होता, आणि ती जर्सी त्याला मुळीच नको असणार. तरी त्यानं घातली आणि सगळ्यांच्या पुढं पळत आला. मला तो चेहरा जमला नाही. तुमच्यापेक्षा बरं उत्तर माझ्याजवळ नाही. इतकी वर्षं मात्र ते खिशात असल्यासारखा वागलो.

माकाबे-सानना सांगितलं, की सेगावा मरणार नाही. त्यांनी सिगारेट विझवली. मग म्हणाले, की तर मग जूनअखेर मालिका संपव. मी बरं म्हणालो.

उरलेल्या अंकांत राष्ट्रीय स्पर्धेतला एकच सामना बसेल. त्यात सेगावा हरणार आहे. जिंकवावं असं फार वाटलं, माझाच हात, कोण अडवणार? पण तिसऱ्या, शेवटच्या वर्षाची पोरं उन्हाळ्यात हरतात, घळाघळा रडतात, जर्सी खालच्या वर्गातल्याच्या हाती देतात आणि मोकळी होतात. सगळ्यांच्या वाट्याला येतं ते. दादाच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. त्याला एकदा नीट हरू दे, एवढंच मला आता काढायचं आहे.

एक विनंती. शेवटच्या मिनिटाला संघ एका गुणानं मागं आहे आणि चेंडू आपल्याकडं आहे. तुम्ही काय सांगितलं असतं, ते फळ्यावर लिहिता तसं लिहून पाठवा. बचाव झोपलेला नको.

आपला लोभ मागायची हिंमत आजवर झाली नव्हती. आता मागतो.
आपला,
शुहेई

———

हामाजिरी
ता. १ जुलै १९९२

चि. शुहेई यास,
अनेक आशीर्वाद.

शेवटचा अंक काल आला. बाबांनी या खेपेला तो वर्तमानपत्रात लपवला नाही. उघडा हातात धरून भर बाजारातून आणला, आणि वाटेत ज्यानं ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, की शेवटचा डाव माझा आहे. एप्रिलपासून तुमच्या दोघांच्या पत्रांनी पोस्टमनला दम खाऊ दिला नाही, त्यात मला मेलीला एक ओळ नाही. असू दे.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता आईच्या आणि तामोत्सूच्या फोटोपुढं बसले. उदबत्ती लावली आणि मोठ्यानं वाचायला लागले. सगळं वाचलं. चेंडूचं धाप धाप, बुटांचं करकरणं, शिट्टी, तू जे जे छापलं आहेस ते. हे दारातून डोकावले आणि हसू लागले, मी डोळे वटारल्यावर गेले. मधे एकदा बाबा थांबले आणि फोटोला म्हणाले, की इथं तुझ्या भावानं माझं ऐकलं नाही, डावीकडून जायला सांगितलं होतं. मग पुढं वाचलं. चेंडू कडीवर फिरून बाहेर पडला. सेगावा हरला. त्यानं जर्सी काढून त्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला दिली आणि रिकाम्या हातांनी मैदानाला वाकून नमस्कार केला. तिथं संपलं.

तुला आठवतं? हंगाम संपला की बाबा तिसऱ्या वर्षाच्या पोरांना ओळीनं उभं करायचे. एकेकाला नावानं हाक मारायचे आणि प्रत्येकाला तेच म्हणायचे, की तीन वर्षं मेहनत घेतलीस, आता घरी जा आणि पोटभर जेव. त्या वर्षीही म्हणाले होते. सगळ्यांना, ओगातालासुद्धा. मी तिथंच होते. ओळीत एक कमी होता.

काल बाबांनी अंक मिटला आणि गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले. मैदानावरच्या त्या जुन्या आवाजात हाक मारली, तामोत्सू! दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. मग म्हणाले, की तीन वर्षं मेहनत घेतलीस. पुढचं त्यांना म्हणवेना. मी स्वयंपाकघरात गेले, भात वाफाळत होता तो वाटीत काढला आणि फोटोपुढं आणून ठेवला. बाबांनी वाटीकडं पाहिलं, डोळे पुसले आणि माझ्यावरच ओरडले, की एवढ्याशानं त्याचं काय होणार, अजून वाढ.

लोभ असू दे, आणि ऑगस्टात घरी ये.
तुझी,
फुमिएताई