चांदीचा दात

कराड, रविवार, दिवेलागणीची वेळ

आज दुपारी दुर्बिणीच्या स्टँडची मोटर शेवटी उघडलीच. दिवाळीपासून हेच चाललंय. ग्रहामागे सरकता सरकता दर आठ मिनिटांनी दुर्बीण झटका खाते आणि शनी पळतो. बॅटरी बदलली, वायरी बदलल्या, ग्रीस बदललं. खोट माझ्याच हातात आहे असं धरून चाललो होतो.

आठ मिनिटांत एक फेरा घेणाऱ्या आतल्या लहान पितळी चाकाचा एक दात चांदीनं जोडलेला निघाला! इतका सफाईनं घासलेला, की भिंगाशिवाय दिसलाच नसता. असं काम माझ्या ओळखीत एकट्या शंकरचं. शाळेपासूनचा दोस्त, विट्याचा, सोन्याचांदीत हात मुरलेला. दिवाळीत गावाला शनी दाखवायला त्यानंच दुर्बीण नेली होती. पुसूनबिसून परत दिली, तेव्हा मला कौतुक वाटलं.

दात मोडला त्याचं काही नाही. मोडतो. पण त्यानंतर चार वेळा हा माझ्या गच्चीवर येऊन बसला. झटका बसला की म्हणायचा, "गड्या, तुलाच ध्रुव नीट धरता येत न्हाई." आणि मी खुळ्यासारखा पुन्हा ध्रुवतारा शोधून स्टँड त्याच्या रोखानं लावत बसायचो. परत आठ मिनिटं. तो मनातल्या मनात मोजत असेल का?

आत्ता फोन केला. वाटलं, निदान ओशाळेल तरी.

"व्हय, माझ्याच हातनं मोडला," म्हणाला. आणि वर, "पर लय बारीक काम हुतं रं. तुला दिसलं कसं?"

फोन ठेवला. भिंग त्यानंच दिलेलं आहे.