रिकाम्या खोल्यांचा आठवडा

प्रिय खारुताई,

या नावानं तुला आता कुणी हाक मारत नसेल. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी सांभाळणाऱ्या, चष्मा लावलेल्या बाईंना कोण असं म्हणेल? पण माझ्या हाताला दुसरं नाव लिहायची सवयच नाही. फोन न करता पत्र का लिहितेय, ते पुढे येईलच. आधी कामाचं सांगते, कारण गेले आठ दिवस मला कामाशिवाय काही सुचलेलं नाही.

कॉलेजं सुटली की आमच्या स्वच्छता विभागाचा खरा मोसम सुरू होतो. माझ्या भागात विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांच्या दोन लांबलचक गल्ल्या आहेत. परीक्षा संपते, पोरं दोन बॅगांत मावेल तेवढं उचलतात आणि उरलेला संसार जिन्याखाली, फुटपाथवर, नाहीतर सरळ शेजाऱ्याच्या दारात ठेवून पसार होतात. एरवी एका दिवशी एक गाडी पुरते, या आठवड्यात चार लागतात. गाद्या तर विचारूच नकोस, पहिल्याच दिवशी एकोणचाळीस मोजल्या. बिनकानांच्या बादल्या, पडद्याचे गज, शिट्टी हरवलेला कुकर, एकदाही न उघडलेली व्यायामाची पुस्तकं, अर्ध्या तेलाच्या बाटल्या, फुटक्या ट्यूबलाइट. एकानं आरशावर 'सॉरी' लिहून तो आरसा कचऱ्यात ठेवला होता. कुणासाठी ते देव जाणे. आमच्या ड्रायव्हरनं तो गाडीत पुढे लावलाय आणि दाढी झाल्यावर त्यातच तोंड बघतो.

सगळं एकत्र कोंबलेलं असतं हीच खरी पंचाईत. भाताच्या पातेल्यात चार्जर, उशीच्या खोळीत कांदे. म्हणून यंदा मी एक केलं. गल्लीच्या टोकाला बंद पडलेलं एक गोदाम आहे, ते मागून घेतलं आणि वापरण्याजोग्या वस्तू तिथं आणून ठेवा, ज्याला हव्या त्यानं न्याव्यात, अशी पाटी लावली. वरच्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांची बायकोच तिथून टेबलपंखा घेऊन गेली, तेव्हापासून ते गप्प आहेत.

माझ्या हाताखाली एक मावशी आहेत. अठ्ठावीस वर्षं झाडू मारतायत. प्रत्येक पिशवी उघडून, हात घालून, ओलं-सुकं वेगळं करणार. मी कितीदा सांगितलं की हातमोजे घाला. घालतात, आणि मी वळले की काढतात. "मॅडम, बोटांना कळतं ते मोज्याला कळत नाही," म्हणतात. बोलायला फटकळ, पण त्यांच्या गल्लीत सापडलेलं घड्याळ किंवा पाकीट तासाभरात मालकाच्या दारात पोचतं. त्यांचं हे नाव सगळीकडे आहे. म्हणजे मंगळवारपर्यंत होतं.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास एक मुलगी ऑफिसात धावत आली. चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाची, केस विस्कटलेले, एका पायात तिची आणि दुसऱ्यात दुसऱ्याच कुणाची चप्पल. तिची फाइल हरवली होती. वर्षभराची चित्रं, मूळ प्रती, आणि दोन दिवसांनी तीच परीक्षकांपुढे मांडायची होती. आदल्या संध्याकाळी ती फाइल गॅलरीत ठेवून ती शिक्षकांकडे गेली, आणि परत आली तेव्हा गॅलरी झाडूनपुसून रिकामी. तिच्यामागून घरमालक आले आणि त्यांच्यामागून तिची खोलीतली जोडीदारीण. घरमालकांनी दारातूनच सुरुवात केली, "तुमच्या त्या मावशींनी नेली असणार. जाड कागद, चामड्याचं कव्हर, भंगारात चांगलं खपतं. चौकशी करा, नाहीतर मी वर जातो." चित्रवाली मुलगी रडत होती. दुसरी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी होती.

मावशींना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती वाजता टाकली?" दुसऱ्या मुलीनं कॅलेंडरवरची नजर पायाशी नेली. मावशी म्हणाल्या, "संध्याकाळची असेल तर सकाळच्या पहिल्या गाडीत गेली. कचरा डेपोवर पसरायला अजून वेळ आहे. मला नेता का? माझ्यावर आळ आलाय, मीच शोधते."

खारुताई, तुला खोटं कशाला सांगू, माझं मावशींकडे लक्षच नव्हतं. मी त्या दुसऱ्या मुलीकडे बघत होते. ती मान वर करत नव्हती आणि उजव्या हाताच्या नखानं डाव्या अंगठ्याची कातडी सोलत होती. मला कळलं होतं. पुरावा काही नव्हता, पण ते उभं राहणं मला ओळखीचं होतं.

मी जीप काढली. मावशी पुढे, दोघी मुली मागे. घरमालक आले नाहीत, त्यांना वासाची ॲलर्जी आहे म्हणे. डेपोवर आमची गाडी कुठं रिकामी झाली ते दाखवलं, आणि आम्ही चौघी ढिगात उतरलो. उन्हानं डोकं तापलेलं, खाली घसरडं, वर घारी. मावशी कशी शोधतात ते बघण्यासारखं असतं. त्या कचरा उपसत नाहीत, वाचतात. "ही पिशवी कोपऱ्यावरच्या घराची, त्यांच्याकडे अंडी फार. ही तुमच्या बिल्डिंगची नाही. ही तुमची." दोन तास गेले. चित्रवालीचं रडणं थांबलं होतं, ती नुसती पिशव्या फाडत होती. आणि मग मावशींनी कंबर धरून सहज म्हटलं, "पोरी, तुझी फाइल सापडली नाही तर माझी नोकरी जाईल का ग?"

तेव्हा ती दुसरी मुलगी ढिगात खाली बसली. म्हणाली, "मावशींनी नाही नेली. मी टाकली. काळ्या पिशवीत, खाली भाजीचा कचरा घालून." आणि मैत्रिणीकडे बघून म्हणाली, "प्रदर्शनासाठी तुझी निवड झाली, माझी नाही झाली, आणि तू मला सांगितलंही नाहीस. मला बाहेरून कळलं. राग आला होता."

काळी पिशवी म्हटल्यावर मावशींना दहा मिनिटं पुरली. बावीस चित्रांतली अकरा धड निघाली, बाकीच्यांचा लगदा झाला होता. मावशींनी ती अकरा डेपोच्या तापलेल्या भिंतीवर दगड ठेवून वाळत घातली. चित्रवालीनं मैत्रिणीला शिवी दिली नाही, मिठीही मारली नाही. वाळत घातलेली चित्रं तिनं एकदा मोजली. मग म्हणाली, "ऊठ. पिशवी धर, अजून एखादं असेल." आणि त्या दोघी पुन्हा शोधायला लागल्या. त्यांचं पुढे काय होईल मला माहीत नाही. अकरा चित्रं परीक्षकांनी पाहिली आणि तिला पास केलं, एवढं परवा कळलं. घरमालकांना मी मावशींची माफी मागायला लावली. त्यांनी मागितली, अगदी दात ओठ खात का होईना.

मी मात्र त्या दिवसापासून जागच्या जागी अडकले आहे. त्या मुलीला एक सकाळ लागली. मला एकतीस वर्षं पुरली नाहीत.

आपल्या दुसऱ्या वर्षाची सुट्टी आठव. तुझे वडील अचानक आजारी पडले आणि तू अंगावरच्या कपड्यांनिशी गावी गेलीस. खोली सोडायची होती, म्हणून तुझा पसाराही मीच आवरत होते. अंथरुणाखाली, कपाटात, पुस्तकांत, जिथं तिथं तुझी वाळवलेली पानं. त्याच दुपारी वसतिगृहाच्या कार्यालयात किल्ली द्यायला गेले तर रेक्टरबाईंच्या टेबलावर तुझा अर्ज होता. पुढच्या वर्षी तुला दुसरी खोली हवी होती, माझ्याशिवाय. मी झोपेत बडबडते आणि तुझी झोप होत नाही, हे कारण तू पुढे कितीतरी वर्षांनी हसत हसत सांगितलंस. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मी वर आले, तुझा वनस्पतींचा तो पुठ्ठ्याचा खोका घेतला, एकशे चाळीस पानं, प्रत्येकाखाली तुझ्या बारीक अक्षरात नाव, जागा, तारीख, आणि वसतिगृहामागच्या कचऱ्याच्या खड्ड्यात टाकला. वर खरकट्याची बादली ओतली. चुकून नाही. बघून, विचार करून.

तुझं पत्र आलं, खोका कुठे आहे? मी लिहिलं, झाडूवाल्या काकूंनी नेला असेल, त्या पुठ्ठे विकतात. बाईंनी विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं, एकदा कागदावर लिहिलेलं तोंडानं फिरवता येईना. तुझी सुट्टीनंतरची प्रात्यक्षिकाची परीक्षा गेली, वर्ष गेलं, पुढं शिकायची संधीही गेली. काकूंना पुढच्याच महिन्यात काढलं. जाताना त्या फाटकाशी थांबून मला म्हणाल्या होत्या, "बाळा, मी नेला नाही ग." मी हो म्हणाले. मला माहीत आहे, असं म्हणाले. त्या कुठं गेल्या ते मला माहीत नाही. शोधलं असंही म्हणवत नाही, दोनदा चौकशी केली आणि सोडून दिलं. मावशींना हे काल सांगितलं. त्या बराच वेळ झाडू आपटत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला कशाला सांगता? जिचं आहे तिला सांगा."

आता हे पत्र का, ते. खोटं मी कागदावर लिहिलं होतं, म्हणून खरंही कागदावरच. आणि आत्ताच का, तर तुझी धाकटी लेक इथल्या कॉलेजात येतेय; "तिला तुझ्याकडे ठेव, तुझ्याइतका भरवसा मला सख्ख्या बहिणीवरही नाही," असं तू महिन्यापूर्वी लिहिलंस. मी हो की नाही ते कळवलं नाही, कामाचं निमित्त सांगत राहिले. मागची खोली रिकामी केली आहे, खिडकीला जाळी बसवली आहे, टेबल आणलं आहे. पोरीला ठेवायला माझी ना नाही. पण तो भरवसा तू माहिती नसताना ठेवलास, तो तसाच घेणं मला आता जमणार नाही. हे वाच आणि मग ठरव. नाही म्हणालीस तर तिच्यासाठी चांगली खोली मी स्वतः शोधून देईन, आणि तिला कारण सांगायचं की नाही ते तुझ्यावर सोडेन. कळवायची घाई करू नकोस. फक्त, जे कळवशील ते तुझ्या हातानं लिहून कळव.

तुझीच (हे लिहायचा हक्क उरला असेल तर),
लंबू