मापं चुकलेला प्रोग्रॅम

प्रिय ठकू,

फोनवरच बोलले असते, पण तू रडलीस की मीही रडते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून पत्र. आधी कबुली देते. अर्धांगाच्या झटक्यानंतर वाचा गेलेल्या बाबांसाठी तू केलेला चित्रांचा प्रोग्रॅम दीड महिना चाललाच नव्हता. चित्र दाबलं की तुझ्या आवाजात शब्द ऐकू येणार होता ना? पहिल्याच दिवशी आपल्या जुन्या कॉम्प्युटरनं कसल्याशा लायब्ररीची नवी आवृत्ती मागितली आणि गप्प बसला. तू मात्र फोनवर केवढ्या उत्साहानं विचारलंस, बाबांनी पहिलं काय दाबलं? माझ्या तोंडून निघून गेलं, चहा. मग रोज काहीतरी ठोकून देणं आलंच. पंखा, उशी, एकदा तर ‘आईची कटकट’. किती हसलीस तू! आणि इकडे जन्मभर तोंडाचा पट्टा चालवलेला माणूस मान हलवायचाही कंटाळा करत होता.

शेवटी परवा कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एक मुलगी माझ्याकडे पँट आखूड करून घ्यायला आली, तिलाच धरून बसवलं. ती म्हणाली, प्रोग्रॅम बरीच कामं मशीनमधल्या लायब्ररीकडून, म्हणजे तयार कोडच्या साठ्याकडून, करून घेतो. तू तो तुझ्या कॉम्प्युटरच्या नव्या लिनक्सवर बांधलास, म्हणजे कोडपासून चालता केलास, म्हणून तो नवीच लायब्ररी मागत बसला. जुन्यावर बांधलेला सहसा नव्यावर चालतो, उलटं जमत नाही. दुसऱ्याला द्यायचा प्रोग्रॅम म्हणे सगळ्यात जुन्या मशीनवर बांधावा. अगं, शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी तू, आणि मापं स्वतःची घेतलीस! पेनड्राइव्हवर तुझा मूळ कोड होता, तो तिनं इथल्या जुन्या डबड्यावरच पुन्हा बांधला. तिची पँट अजून तशीच पडली आहे.

काल सकाळी बाबांनी डाव्या हातानं माउस धरला. चहा, पंखा सगळं सोडून चित्रांमधल्या तुझ्या फोटोवर गेले. मग ‘लवकर’. पुन्हा तुझा फोटो, पुन्हा ‘लवकर’. मला तिथे उभं राहवेना. मध्यंतरी तू रजा घेऊन इकडे यायला निघाली होतीस, तेव्हा नव्या नोकरीत अडचण नको म्हणून मी तुला सांगितलं होतं, बाबांनी तुझा फोटो दाबला आणि मग ‘नको’. तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस. बाळा, ते ‘नको’ माझं होतं. त्यांनी ते कधीच म्हटलं नव्हतं. मिळेल ती गाडी पकड आणि ये.

खोटारडी, पण तुझीच,
आई