घोडीसाठी आणलेली लस

मंगळवेढे, ७ नोव्हेंबर १९३३
पुण्याहून ताकीद आली. टांगेवाल्याच्या हाताला मी टाके घातले, हे वर कळलं. कायद्याने माझं काम गुराढोरांपुरतं. पुन्हा माणसाला हात लावला तर नोकरी जाईल, असं साहेब लिहितात. टांगेवाला त्याच हातात लगाम धरून मजेत फिरतोय, ते कोण बघतो! चुगली केळकरांचीच. माणसांचा दवाखाना त्यांचा, दुसऱ्या कुणाच्या पोटात दुखणार? परवापर्यंत माझ्या ओट्यावर बसून चहा पीत होते. आजपासून बोलणं बंद. सौ. म्हणते, आधी विचारून तरी बघा. कशाला विचारू?

११ नोव्हें.
देशमुखांच्या घोडीचा पाय गेल्या आठवड्यात तारेने कापला होता. तिच्यासाठी मुंबईहून धनुर्वाताची लस आणवली होती, ती टोचली. एक बाटली उरली. कपाटात ठेवली.
घोडी धरायला गेनू. म्हणायला दवाखान्याचा शिपाई, पण मी इथं आल्यापासून जनावर पाडणं, बांधणं, समजूत घालणं सगळं त्याच्याकडे. घोडीला 'बाईसाहेब' म्हणतो, बैलाला 'पावनं'. आज लाथ थोडक्यात चुकली तर तिलाच म्हणाला, लागलं न्हाय न्हवं?

१४ नोव्हें.
गेनूच्या टाचेत खिळा गेला. तोही तबेल्यात, लिदीत. चांगला खोल. धनुर्वाताची भीती अशाच जखमेची. लस लवकर टोचायला हवी.
त्याला हे सगळं ठाऊक. हसून म्हणाला, "कपाटातलं टोचा की मला. मी काय घोड्यापरीस कमी राबतो व्हय?"
म्हटलं, गाढवा, माझी नोकरी घालवतोस? केळकरांकडे पाठवला. जखम धुऊन, पट्टी बांधून आला. त्यांच्याकडची लस संपलीय, सोलापूरला कळवलंय म्हणे.
माझ्याकडे बाटली आहे, एवढा निरोप धाडायचा होता. नाही धाडला. घोडीला लस टोचली हे अख्ख्या गावाला माहीत, त्यांना नसेल? गरज असेल तर येतील मागायला.

१७ नोव्हें.
सोलापूरची मोटार आली, लस नाही. गेनू लंगडत कामावर. जखम वरून बरी दिसते.
बाजारात केळकर समोरून आले. मी पानाच्या दुकानाकडे वळलो. त्यांनी हाक मारली बहुतेक. सौ. सकाळपासून त्याच एका गोष्टीवर अडून बसलीय, बाटलीचं सांगा त्यांना, सांगा त्यांना. तिच्यावर ओरडलो.

२२ नोव्हें.
सकाळी गेनूला भाकरी चावेना. दाढ धरलीय म्हणाला. जबडा चाचपला. असा जबडा मी धनुर्वात झालेल्या घोड्याचा पाहिलाय.
बाटली घेऊन केळकरांकडे धावलो. अनवाणी. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. कधीपासून आहे तुमच्याकडे, म्हणाले. सांगितलं. बाटली पिशवीत टाकत म्हणाले, "अहो, मला सांगायचंत. मी टोचली असती. मला कोण अडवणार होतं?"
खरंच आहे. कायदा माझ्या हाताला आडवा होता, बाटलीला नव्हता. हे सुचलं नव्हतं म्हणावं तर तेही नाही. पहिल्याच दिवशी सुचलं होतं.
लगेच येऊन त्यांनी टोचली. मी फक्त दंड धरला.

२४ नोव्हें.
जरा खुट्ट झालं की गेनूचं अंग कमानीसारखं वाकतं. खोली अंधारी ठेवलीय. त्याची बायको सोना भांडंसुद्धा हळू टेकवते. शुद्धीत आहे बिचारा, तेच बघवत नाही. दातांतून विचारलं, "घोडी... कशी हाय?" बरी आहे म्हटलं आणि बाहेर आलो.
बाहेर केळकर होते. चुगली त्यांची नव्हती, हे आज त्यांच्याकडूनच कळलं. त्यांनाही वरून विचारणा झाली होती. टाके उत्तम घातलेत, असं त्यांनी कळवलं होतं. हेच सांगायला त्या दिवशी बाजारात हाक मारली होती.

२५ नोव्हें.
गेनू गेला.

२९ नोव्हें.
देशमुखांची घोडी पट्टी बदलायला आली. जखम छान भरतेय. धरायला गेनू नाही. तिला घेऊन आलेल्या मोतद्दाराने धरली, ती बुजली, मागं सरेना. तोंडून निघून गेलं, सरा बाईसाहेब. मग हुंदका आवरेना. मोतद्दार बिचारा नुसता बघत राहिला.

४ डिसें.
सोना आली. थेट पाया पडली. म्हणाली, "तुमी लई केलं. नोकरीवर पाणी सोडून घोड्याचं औषद दिलं त्यास्नी." पाय कुठं लपवू असं झालं.
दारापर्यंत गेली आणि वळली. "आदीच टोचलं आसतं तर वाचलं आसतं का वो?"
काय सांगावं, म्हणालो. तिने मान हलवली, देवाची मर्जी म्हणाली. तिचं तेवढ्यावर समाधान झालेलं दिसलं, आणि मला ते बरं वाटलं. लाज वाटते लिहायला.
केळकर कुणाला बोलणार नाहीत. मी न विचारताच तसं म्हणाले. सौ. जेवताना एकच वाक्य बोलली, तिला खरं सांगा. कुठल्या तोंडाने?
गेनूची घोंगडी दवाखान्यातच राहिलीय. ती न्यायला सोना उद्या येणार आहे.