तीन मिनिटं, पार्किंगवर

शनि. २४ जाने.
माधुरीकडे हळदीकुंकू. शिकागोच्या उपनगरातली थंडी मरणाची, तरी वीसेक बायका. वाण म्हणून स्टीलचे डबे. डब्यांमागून एक क्लिपबोर्डही फिरत होता. ‘विनयच्या लायसन्ससाठी आहे गं, सिटीला द्यायचंय, सगळ्यांनी साइन केलंय.’ हातात तिचा डबा, कपाळावर तिचंच कुंकू, नाही कसं म्हणणार? केली सही. चष्मा गाडीत राहिला होता.

मंगळ. २७ जाने.
सिटीचं पत्र, आजूबाजूच्या सगळ्या घरांना. माधुरीच्या विनयला त्यांच्या रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत जुगाराची सहा मशिनं लावायचीत. जनसुनावणी १७ फेब्रु.ला. म्हणजे माझी सही यालाच. कपाळ माझं.
नवऱ्याने, सुधीरने, पत्र वाचलं, घडी घालून होतं तिथे ठेवलं.

शुक्र. ३० जाने.
सु.ला कसिनो सोडून चौदा महिने. स्वतः अर्ज करून बंदीच्या यादीत नाव घातलंय, दारातच अडवतात. विनयच्या दारात कोण यादी बघणार? दर रविवारी आम्ही तिथेच पोहे खातो, चालत सात मिनिटं. विनय बिचाऱ्याला काय माहीत. कुणालाच माहीत नाही. महाराष्ट्र मंडळात सु. म्हणजे शिस्तीचा माणूस, नाटकाच्या तालमीला सगळ्यांच्या आधी हजर.

बुध. ४ फेब्रु.
सही काढून घ्यायची म्हणून माधुरीला फोन.
‘का गं, काही प्रॉब्लेम आहे का? विंटरमध्ये विनय कसं मॅनेज करतो ते आम्हालाच माहिती. आणि आपली माणसं थोडीच खेळणारेत?’
आपली माणसं. ‘बरं’ म्हणून ठेवून दिला. शी.

सोम. १६ फेब्रु.
जेवताना सु.ला विचारलं, उद्या खरं सांगू का? भाजी चिवडत म्हणाला, ‘व्हिडिओ ऑनलाइन टाकतात ते. ऑफिसातले बघतील, मंडळातले बघतील.’ मग, ‘तुला वाटतं ते कर.’
हे त्याचं ‘नको’. पंचवीस वर्षं ओळखते.

मंगळ. १७ फेब्रु.
सिटी हॉल. बोलायचं तर कार्ड भरावं लागतं: नाव, पत्ता, बाजूने की विरोधात. प्रत्येकी तीन मिनिटं. माधुरीने शेजारची खुर्ची पर्स ठेवून धरली होती, माझ्यासाठी! बसले. आधी पाठिंब्याची नावं वाचली. माझं तेरावं.
मग मला पुकारलं. मेयरबाईंनी विचारलं, तुम्ही तर पाठिंबा दिलाय ना? म्हटलं, सही मागे घेते. कारण? वेळ सुरू झाल्याचा हिरवा दिवा लागलेला, मागे माधुरी, वर कॅमेरा. सगळं वाक्य तोंडात तयार होतं. माझे पती, असं सुरू होणारं.
म्हटलं, पार्किंग.
तीन मिनिटं पार्किंगवर बोलले. बर्फाचे ढीग, रविवारची गर्दी, वयस्कर माणसं. माधुरीने हातसुद्धा दाबला नंतर, ‘एवढंच होतं तर मला सांगायचंस ना.’
घरी सु. लॅपटॉपसमोर. ‘पार्किंग?’ म्हणाला. हसला नाही. भेकड आहे मी. रडले पोटभर.

मंगळ. ३ मार्च
लायसन्स मंजूर. दोन मतांच्या फरकाने. अट एकच, पार्किंगच्या चार जागा वाढवायच्या. ‘रहिवाशांनी मांडलेली अडचण आपण दूर केली आहे,’ मेयरबाई माझं नाव घेऊन म्हणाल्या. उच्चारही बरोबर केला. माझे आभारही मानले.

शनि. १८ एप्रिल
मशिनं आली. माधुरीने ग्रुपवर फोटो टाकला, सहाही मशिनांना हार, कुंकवाची बोटं. खाली अभिनंदनांची रांग. सु.ने अंगठा टाकलाय. मी फोन उलटा ठेवला. मग पुन्हा उघडून मीही टाकला.

रवि. १९ एप्रिल
फिरायला गेले तेव्हा बघितलं. चार नव्या जागा, पांढरेशुभ्र पट्टे. माझ्या.
परत आले तर सु. बूट घालून दारात. ‘पोहे?’
‘घरी करते.’
‘आता दर रविवारी घरीच?’
तो चिडलाही नाही, नुसता उभा. मी आत येऊन कांदा चिरायला घेतला. एक्झॉस्ट चालू होता, बाहेरचं दार लागलं की नाही कळलं नाही. पोहे भिजवलेत, दोघांचे. ओट्याशी उभी राहून हे लिहितेय. हॉलमध्ये जाऊन बघायचंय अजून.